क्रीम बदललंस, आता पाणी बदलून बघ

पत्र

काका, मी २७ वर्षांचा आहे. कुलाब्याकडच्या एका हॉटेलात रिसेप्शनला काम करतो. ड्युटीवर चढण्याआधी सुपरवायझर चेहरा बघतो, खुंट दिसले की परत पाठवतो. त्यामुळे दाढी रोजची, सुटका फक्त वीकली ऑफला. दीड वर्षापूर्वी आम्ही लालबागच्या चाळीतून कांदिवली पूर्वेला टॉवरमध्ये राहायला आलो. तेव्हापासून दाढी केली की गळ्यावर लाल पुरळ, हनुवटीखाली पुळ्या आणि दिवसभर आग. लिंबाच्या वासाचं क्रीम झालं, थंडगार मेंथॉलवालं झालं, फोमचा डबा झाला, शेवटी साडेसहाशे रुपयांचं ‘सेन्सिटिव्ह’ क्रीम ऑनलाइन मागवलं. त्याचा तर फेसच होत नाही. गणपतीत चार दिवस मामांकडे लालबागला होतो, तेव्हा त्यांच्या साध्या क्रीमने दाढी केली ती एकदम मस्त झाली. म्हणून त्यांची ट्यूबच मागून आणली, तर घरी तिचाही फेस होईना. बहुतेक जुनी असावी. बाबा म्हणतात, अंगाच्या साबणाने कर, आम्ही जन्मभर केली. जिच्याशी लग्न ठरलंय ती म्हणते जेल घे. दोनशे रुपयांपर्यंतचं, रोजच्या दाढीला चांगलं क्रीम सांगा. डिसेंबरात लग्न आहे, फोटोत गळा लाल दिसायला नको.

— सोललेला, कांदिवली

उत्तर

प्रिय सोललेल्या,

तू काका म्हणालास, म्हणून मीही सरळ अरे-तुरेवर येतो. तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेलास आणि तिच्याकडे तुझंच लक्ष नाही. मामांची ट्यूब लालबागला फेसाळली आणि कांदिवलीला फेसाळली नाही. अरे, चार दिवसांत ट्यूब म्हातारी होत नाही. ट्यूब तीच, गाल तेच, हात तोच. बदललं ते पाणी.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात साबणाच्या खात्यात २९ वर्षं काढली. आमच्याकडे तक्रारीची पाकिटं यायची. अर्धी पिळलेली ट्यूब आणि सोबत चिठ्ठी, ‘फेस येत नाही, पैसे परत द्या.’ आम्ही ती ट्यूब प्रयोगशाळेत घासून बघायचो, तर फेस नुसता ओसंडून वाहतोय. सुरुवातीला मला वाटायचं, लोक फुकट ट्यूब मिळवायला लिहितात. मग आमच्या खात्यातले एक म्हातारे केमिस्ट मला म्हणाले, ‘पुढच्या वेळी ट्यूब नको मागवूस, त्याच्या घरचं बाटलीभर पाणी मागव.’ मागवलं. त्या पाण्यात आमचीच काय, कुणाचीच ट्यूब फेसाळली नसती.

शाळेत हे आपण शिकलेलो असतो, परीक्षेपुरतं. सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. फेन म्हणजे फेस; ज्यात फेस होतो ते सुफेन, होत नाही ते दुष्फेन. बायका त्याला जड पाणी म्हणतात, कारण त्यात डाळ शिजत नाही. जमिनीत मुरलेलं पाणी खडकांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उचलून आणतं. दाढीचं क्रीम म्हणजे शेवटी साबणच. तो या कॅल्शियमला भेटला की फेस व्हायच्या ऐवजी त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला जो पांढरट राखी थर बसतो ना, तोच. तू ब्रश फिरवत राहतोस आणि क्रीमचा मोठा वाटा त्या साक्यात खर्ची पडतो. उरलेल्याचा जो पातळ फेस होतो तो अर्ध्या मिनिटात वाळतो, आणि मग तू कोरड्या गळ्यावर पातं ओढतोस. साका कातडीवर चिकटून राहतो तो वेगळाच.

लालबागला पालिकेचं पाणी. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा अशा सात तलावांत साठवलेलं पावसाचं पाणी ते. जमिनीच्या पोटात फारसं न मुरता नळाला येतं, म्हणून सुफेन. विहार तलावाचं पाणी शहराला १८६० पासून मिळतंय, म्हणजे चाळीतल्या पाच-सहा पिढ्यांना साबण फेसाळत नाही ही काय भानगड असते ते ठाऊकच नाही! तुझ्या टॉवरमध्ये मात्र बहुतेक दोन टाक्या असतील. स्वयंपाकघरातल्या नळाला पालिकेचं, आणि बाथरूमला बोअरचं नाहीतर टँकरचं, किंवा दोन्हीची मिसळ. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचार, तो तीन वाक्यांत सांगेल. अर्थात आधी वीस मिनिटं टँकरच्या बिलावर बोलेल.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, स्वतःच बघ. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या घे. एकीत बाथरूमच्या नळाचं पाणी, दुसरीत स्वयंपाकघरातलं, दोन्ही अर्ध्या भर. अंगाच्या साबणाची वडी सुरीने खरवड आणि दोन्हीत हरभऱ्याएवढा कीस टाक. शाम्पू घेऊ नकोस, तो कुठल्याही पाण्यात फेसाळतो आणि तुला फसवेल. झाकण लावून दोन्ही बाटल्या वीस-वीस वेळा खळखळून हलव आणि ओट्यावर ठेव. एकीत वर दाट फेस राहील आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल. दुसरीत ताकासारखं गढूळ पाणी, वर तरंगणारे पांढरे कण, आणि फेस असला तर कडेकडेला. दोन्हीकडे सारखाच फेस आला तर काका चुकले असं समज आणि मला खुशाल शिव्या देऊन पत्र लिही. पण मामांची ट्यूब काही खोटं बोलत नाहीये.

उपाय अगदी फुकट आहे. दाढीला पाणी लागतं किती? बेसिनचा नळ सोडून ठेवला नाही तर लिटरभर. स्वयंपाकघरातून एक तांब्या पाणी घे, गॅसवर कोमट कर आणि मगमध्ये घेऊन बाथरूममध्ये जा. चेहरा भिजवणं, ब्रश बुडवणं, पातं विसळणं आणि शेवटचं तोंड धुणं, सगळं त्यात. शेवटचं विसरू नकोस. बरेच जण दाढी चांगल्या पाण्याने करतात आणि सवयीने नळाखाली तोंड धरतात, मग साका आलाच. बोअरचंच पाणी उकळून घेऊ का, असं विचारशील. उकळून काही क्षार खाली बसतात (गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर तोच), पण सगळे नाही. आणि नळाला लावायचा हजार-बाराशेचा फिल्टर विकायला कुणी दारात आला तर त्याला चहा पाज आणि परत पाठव. जाळीने किंवा कोळशाने कॅल्शियम जात नाही, त्याला रेझिनचं सॉफ्टनर लागतं, आणि ते अख्ख्या सोसायटीने बसवायचं काम आहे.

आता क्रीम. पाणी बदलल्यावर दुकानातलं जवळजवळ कुठलंही साधं, ब्रशने फेस करायचं क्रीम तुला चालेल. गोदरेज, पामोलिव्ह, ओल्ड स्पाइस, जे तुझ्या वाण्याकडे असेल ते. कपिल देव टीव्हीवर पामोलिव्हच्या जाहिरातीत हसायचा तेव्हापासून मी ही क्रीमं बघतोय, डबे बदलले, आतलं फार बदललेलं नाही. मुख्यतः स्टिअरिक ॲसिड आणि खोबरेल, त्यांचा पोटॅशियमने केलेला मऊ साबण, वर ग्लिसरीन आणि वास. खोबरेल पटकन मोठे फुगे देतं, स्टिअरिक तो फेस दाट करतं आणि टिकवतं, ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. पाठीमागची बारीक अक्षरं वाच: ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहितात. पाण्यानंतर लगेच स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीन पहिल्या चार-पाचांत, एवढं दिसलं की घे. शेवटाकडे ईडीटीए असं काही दिसलं तर घाबरू नकोस, उलट बरं. ते कॅल्शियमला पकडून ठेवतं, म्हणजे जड पाण्यात थोडी मदत. ‘नैसर्गिक’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या बऱ्याच क्रीमांत ते मुद्दाम टाळलेलं असतं. तुझं साडेसहाशेचं क्रीम तुझ्या बाथरूममध्ये मामांच्या ट्यूबपेक्षाही वाईट का वागलं, याचा डब्याच्या मागे शोध घे.

मेंथॉल लग्नापर्यंत बंद. मेंथॉल कातडी थंड करत नाही, नसांना थंडी वाजल्याचा निरोप देतं फक्त. धड कातडीवर मजा येते, पण सोललेल्या गळ्यावर तो निरोप आगीचा होतो. लिंबाचा वासही तूर्त बाजूला ठेव. वासांच्या रसायनांचाच पुष्कळांना त्रास होतो, आणि गळा बरा होईपर्यंत संशयित कमी असलेले बरे.

फोम आणि जेल. फोममध्ये डब्यातला गॅस साबणाला फुगवून देतो, म्हणून एका सेकंदात ढगासारखं दिसतं. पण त्यात हवा जास्त, पाणी कमी, आणि आपण तो नुसता थापतो, घासत नाही. घाई असेल आणि दाढी विरळ असेल तर चालतो. तुझ्यासारख्याला रोज नाही. होणाऱ्या सूनबाईंचं जेल मात्र अगदीच टाकाऊ नाही. प्रवासात, जिथे पाणी कुठलं आहे ते माहीत नाही, तिथे बिनब्रशचं क्रीम किंवा फेस न होणारं जेल चांगलं, कारण ज्याला फेसच करायचा नाही त्याचं जड पाणी काय बिघडवणार? हनिमूनला ते घेऊन जा. तिचा शब्दही राहील.

बाबांना सांगू नकोस, पण अंगाच्या साबणाचा फेस सोडियमचा, येतो भरपूर आणि गालावर तितक्याच झटक्यात वाळतो. त्यांनी जन्मभर केली ती लालबागच्या पाण्यावर.

आता खरं म्हणजे क्रीमपेक्षा मला तुझी पहिली तीन मिनिटं कशी जातात याची काळजी आहे. तू ते लिहिलेलं नाहीस, पण सकाळची कांदिवली फास्ट पकडणारा माणूस दाढी कशी करतो ते मी ओळखतो. तोंडावर पाण्याचा हबका, क्रीमचा वेटोळा सरळ गालावर, ब्रशचे चार फेरे आणि पातं सुरू. दाढीचा कोरडा केस राठ असतो. पाणी प्यायला की फुगतो, मऊ पडतो आणि पात्याला कमी जोर लागतो. पण पाणी प्यायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून आंघोळीनंतर दाढी कर. टॉवेलने चेहरा पुसू नकोस. मगमधल्या कोमट पाण्यात छोटा नॅपकिन बुडवून, पिळून गळ्यावर धरून ठेव, दात घासताना धरता येतो. ब्रश तेवढा वेळ मगमध्येच भिजत पडू दे.

क्रीम हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, साधारण एक ग्रॅम. जाहिरातीत दाखवतात तेवढं घेतलंस तर कंपनीचं भलं होईल. ब्रश झटक, पूर्ण पिळू नकोस, आणि गालावर गोल गोल फिरव. सुरुवातीला फेस दुधासारखा आणि फुग्याफुग्यांचा असतो. इथेच लोक थांबतात. थांबू नकोस. ब्रशचं टोक पाण्यात जेमतेम टेकव, परत फिरव. असं दोन-तीनदा केलंस की फुगे दिसेनासे होतात आणि तो श्रीखंडासारखा चकचकीत, दाट होतो. ब्रश उचलला की छोटं शिखर उभं राहतं. मग पातं. शिखर मोडून पडलं तर पाणी जास्त, फेस मॅट आणि कोरडा दिसला तर पाणी कमी. मिनिटभराचं काम आहे हे, आणि ब्रश फिरताना खुंट उभे राहतात हा दुसरा फायदा. ब्रश नायलॉनच्या केसांचा घे. डुकराच्या किंवा बिज्जूच्या केसांचे ब्रश छान असतात, पण आपल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये ते वाळत नाहीत, आणि जुलैत त्यांना ओल्या पोत्याचा वास येतो.

गळ्यावर केस कुठल्या दिशेने वाढतात ते तुला ठाऊक आहे? बहुतेकांना नसतं. रविवारी दाढी वाढलेली असताना बोटाने चाचप. ज्या बाजूला बोट सरकतं ती सुलटी, जिकडे अडतं ती उलटी. गालावर ती वरून खाली असते, पण हनुवटीखाली केस आडवे, तिरके, कधी चक्क खालून वर असतात. घाटीच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या दिशा असणारे लोक मी पाहिलेत. तुझ्या पुळ्या जिथे आहेत तिथेच तू पातं उलटं मारत असणार. सलूनमध्ये ‘उलटा हात मारू का?’ विचारतात, तेव्हा आपण ऐटीत हो म्हणतो आणि गुळगुळीत गालावरून हात फिरवत बाहेर पडतो. त्या गुळगुळीतपणात केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, आणि वर येताना बाहेरची वाट न सापडता आतल्या आत वळतो. तीच पुळी. दोन-तीन पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये हे जास्त होतं. १९७१ साली जिलेटने दोन पाती एकत्र आणली त्यामागची युक्तीच ती: पहिलं पातं केस ओढतं, तो मागे सरकायच्या आत दुसरं आणखी खालून कापतं. गालाला छान, तुझ्या गळ्याला नाही. गळ्यापुरतं एका पात्याचं साधं रेझर वापर, सुलट्या दिशेने, दाब न देता. रेझरचं जे वजन आहे तेवढंच पुरे. थोडी सावली राहिली तर राहू दे. सुपरवायझर गाल बघतो, कॉलर उघडून गळा बघत नाही.

पातं पाच-सहा दाढ्यांनी बदल. साध्या पात्याला तेवढ्यासाठी कंजुषी करण्याएवढी किंमत नाही.

तुझ्या वेळापत्रकात एक बदल सुचवतो. दाढी रात्री कर. दाढी दिवसाला साधारण अर्ध्या मिलिमीटरहून कमी वाढते; रात्री दहाला केलीस तर सकाळी सातला कुणाला कळणारही नाही. आणि ताजी सोललेली कातडी घेऊन तू कांदिवली ते चर्चगेट लोकलमध्ये उभा राहणार नाहीस. घाम खारट, कॉलर स्टार्चची, शेजाऱ्याची बॅग गळ्याशी. आग दाढीने लागते आणि लोकल तिला वारा घालते.

नंतर तुरटी फिरवलीस तरी चालेल, रक्त थांबतं, पण मिनिटाभराने धुऊन टाक, नाहीतर कातडी ओढल्यासारखी कोरडी होते. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह बंद. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लाव, पुरे.

एक गोष्ट मात्र गंमतीने घेऊ नकोस. पुळ्यांत पू असेल, किंवा कडेने लाल आणि मधे फिकट असा खाजणारा गोल चट्टा असेल, तर ते नुसतं दाढीचं दुखणं नसेल, संसर्ग असू शकतो. अशा वेळी केमिस्टकडे जाऊन ‘काहीतरी लावायला द्या’ म्हणायचं नाही. काउंटरवर जी मिश्र मलमं सर्रास हातात ठेवतात त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, तुला वाटतं बरं झालं, आणि चट्टा बुरशीचा असेल तर ती आत पसरत राहते; शिवाय चेहऱ्याची कातडी पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. लालबागला जाणं-येणं आहेच तुझं, केईएमची त्वचारोगांची ओपीडी तिथून दोन पावलांवर आहे. सकाळी लवकर जा, रांग असते.

डिसेंबरला अजून वेळ आहे. आजच्या रविवारी दाढी करू नकोस, गळा मोकळा सोड आणि बाटल्यांचा प्रयोग कर. सोमवारपासून तांब्याभर पाणी, रात्रीची दाढी, मेंथॉल नाही. तीन आठवड्यांनी गळा कसा आहे ते लिही. लग्नाच्या दिवशी सकाळी सलूनमध्ये जाऊन ‘आज जरा खास कर’ असं सांगायचा मोह होईल, तो आवर. त्या दिवशी नवा हात, नवं क्रीम, नवं पातं काही नको. आदल्या रात्री घरीच, नेहमीसारखी.

आणि मामांची ट्यूब परत देऊन टाक. ती जुनी नाहीये.

— काका